गंगाधर आणि शक्तिमान

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी दिलेले व्याख्यान)



आजच्या या गुणगौरव समारंभात चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी कोणी पंडित नव्हे, की नामांकित वक्ताही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला व उभी हयात प्राथमिक शाळेच्या वर्गात घालविलेला मी एक साधा शिक्षक आहे. त्यामुळे माझ्या बोलण्यात विद्वत्ता शोधू नये; चाळीस-चाळीस मुलांच्या घोळक्यात राहून जे ध्यानी आले, तेवढेच मी आपणांपुढे ठेवणार आहे.

माझ्या व्याख्यानाचा विषय निमंत्रणपत्रिकेवर वाचून काही वडीलधारी मंडळी गालांतल्या गालांत हसली, असे माझ्या कानी आले आहे. दरवर्षी या व्यासपीठावरून आपण साधुसंतांची, समाजसुधारकांची व देशभक्तांची चरित्रे ऐकतो. त्या पंक्तीत दूरदर्शनवरील एका काल्पनिक वीराला का बसवावे, असा त्यांचा प्रश्न असावा. प्रश्न रास्त आहे. परंतु वडिलांना जे चरित्र आदर्श वाटते तेच मुलांच्या मनात वसते, असा नियम नाही. मूल आपला आदर्श आपण निवडते. तेव्हा त्याने कोणाला निवडले, कशासाठी निवडले, आणि त्या निवडीतून त्याला काय देता येईल, हे पाहणे शिक्षकाचे व पालकाचे कर्तव्य होय. शिवाय आज या सभागृहात मुलाबाळांसह बसलेले जे तरुण आईबाप आहेत, त्यांतील बहुतेकांचे बाळपण या वीराच्या संगतीत गेलेले आहे. शक्तिमान हे नाव उच्चारताच मागच्या रांगांतून जी कुजबुज झाली, तीच माझी साक्ष!

प्रथम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा परिचय देतो. 'शक्तिमान' ही हिंदी मालिका दिल्ली दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली व मार्च २००५ पर्यंत चालली. प्रारंभी निराळ्या वारी दाखविली जाणारी ही मालिका पुढे रविवारी दुपारी दाखविली जाऊ लागली, आणि रविवारी त्या वेळी गल्लीत चेंडूफळी खेळणारे एक मूल दिसेनासे झाले. मालिकेचे दिग्दर्शक श्री. दिनकर जानी. तिची निर्मिती करणारे व स्वतः शक्तिमानाची भूमिका वठविणारे नट म्हणजे श्री. मुकेश खन्ना. १९८८ साली सुरू झालेल्या 'महाभारत' मालिकेत यांनीच पितामह भीष्मांची भूमिका केली होती, हे आपणांस स्मरत असेल. त्याच 'महाभारता'तील द्रोणाचार्य, श्री. सुरेंद्र पाल, हे येथे तमराज किल्विष या दुष्टाच्या रूपाने उभे राहिले. पुढे २०२० साली महामारीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा दूरदर्शनने ही मालिका पुनश्च दाखविली. त्यामुळे बापाने पाहिलेला शक्तिमान त्याच्याच शेजारी बसून मुलानेही पाहिला.

कथेचे सूत्र सोपे आहे. 'आज की आवाज' नावाच्या वर्तमानपत्रात गंगाधर नावाचा एक छायाचित्रकार नोकरीस आहे. पुढे आलेले दात, डोळ्यांवर चष्मा, चप्प बसविलेले केस व चालण्याबोलण्यात वेंधळेपणा, असे त्याचे ध्यान! कचेरीतील जो तो त्याला हसतो. परंतु जगावर संकट आले की हाच गंगाधर शक्तिमान होतो. वाऱ्यासारखा गरगर फिरत आकाशमार्गे जातो व संकटग्रस्तांना सोडवितो. सूर्यांशी नामक तपस्व्यांनी त्याला या कार्यासाठी निवडलेले असते. त्याच्याविरुद्ध उभा असतो तो तमराज किल्विष. अंधार कायम राहो, हे त्याचे ब्रीद. 'किल्विष' या शब्दाचा संस्कृतातील अर्थ पाप असा आहे, हे येथे मुद्दाम सांगतो. कारण मालिकेतील झगडा दोन माणसांचा नसून प्रकाश व अंधार, पुण्य व पाप यांचा आहे, हे त्या नावातच सुचविलेले आहे.

आता या शक्तिमानाचे कोणते गुण घेण्याजोगे आहेत, ते क्रमाने पाहू.

पहिला गुण : कमावलेले सामर्थ्य

पाश्चात्त्य देशांत अशा अद्भुत वीरांची परंपरा जुनी आहे. तिचा मुकुटमणी म्हणजे अमेरिकेतील सुपरमॅन. तो १९३८ साली चित्रकथेच्या मासिकात प्रथम अवतरला. त्याची जन्मकथा अशी की, क्रिप्टन नावाचा एक ग्रह नष्ट होत असताना त्याच्या मातापित्यांनी त्याला तान्हेपणीच यानात घालून पृथ्वीकडे धाडले. त्या परग्रहावरील जन्मामुळे पृथ्वीवर तो अचाट बलवान ठरला. तोही एरवी चष्मा लावून वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करतो. आणि आपल्या गंगाधराने ही युक्ती त्याच्याकडूनच उचलली, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. सुपरमॅनही भला आहे. ज्या शेतकरी दांपत्याने त्याला वाढविले, त्यांनी दिलेल्या संस्कारांचे ते फळ. परंतु त्याचे बळ मात्र त्याला जन्माने मिळालेले आहे. त्यासाठी त्याला काही करावे लागले नाही.

शक्तिमानाचे तसे नाही. तो आपणांसारखाच हाडामांसाचा माणूस. योग, ध्यान व साधना यांच्या द्वारे शरीरातील सात चक्रे जागृत करून आणि पंचमहाभूतांचे बळ प्राप्त करून घेऊन तो शक्तिमान झाला, अशी कथेची मांडणी आहे. चक्रे जागृत होऊन माणूस आकाशात उडू लागतो, हे खरे मानण्याचे कारण नाही. ती कल्पित कथा आहे, व तिच्याकडे कथा म्हणूनच पाहावे. परंतु तिच्या पोटात जे सत्य दडले आहे ते असे की, सामर्थ्य हे फुकट मिळत नाही. त्याचे मोल आधी चुकवावे लागते. आमच्या गावोगावच्या मारुतीच्या देवळाशेजारी तालीम असे, तिचा अर्थ तरी दुसरा कोणता होता? मारुतीला नमस्कार करावा व बाजूला जाऊन जोर-बैठका काढाव्यात. नुसत्या नमस्काराने कोणाची छाती रुंदावली नाही.

दुसरा गुण : झाकलेले सामर्थ्य

सामर्थ्य मिळविणे कठीण खरे. परंतु मिळालेले सामर्थ्य झाकून ठेवणे त्याहून कठीण. गंगाधराला दिवसाकाठी दहा वेळा सर्वांसमक्ष आपले खरे रूप प्रकट करण्याचा मोह व्हावा, असे प्रसंग येतात. ज्या कचेरीत लोक शक्तिमानाच्या पराक्रमाची वर्णने रंगवून सांगतात, त्याच कचेरीत तेच लोक गंगाधराची टर उडवितात. तो एक शब्द बोलला असता, तर हसणाऱ्यांच्या माना खाली गेल्या असत्या. तो बोलत नाही.

यावर माझ्या वर्गातील एका चौकस मुलाने मला एकदा विचारले होते, "गुरुजी, तो आपण कोण हे लपवितो, म्हणजे खोटे बोलतो ना?" प्रश्न लहान मुलाचा, पण उत्तर देण्यास कठीण. मी त्याला गुप्तदानाचे उदाहरण दिले. दुसऱ्याला फसवून आपला लाभ साधण्यासाठी जे लपवावे, ते असत्य. आपला मोठेपणा मिरवू नये म्हणून जे लपवावे, तो विनय. जो दान देऊन नाव सांगत नाही, त्याला कोणी लबाड म्हणत नाही. गंगाधराच्या लपविण्यात त्याचा लाभ काहीच नाही. उलट झाली तर हानीच आहे. एवढे सांगितल्यावर त्या मुलाचे समाधान झाले. मात्र मोठ्या माणसांचे समाधान इतक्या सहज होत नाही. देवळाच्या पायरीवर, धर्मशाळेच्या भिंतीवर, इतकेच काय पण विजेच्या पंख्याच्या पात्यांवरदेखील देणाराचे नाव रंगविलेले आपण पाहतो. पंखा फिरू लागला म्हणजे ते नाव वाचता येत नाही, ही केवढी अडचण! वारा हवा असेल तर नाव दिसत नाही, आणि नाव दिसावयाचे असेल तर वारा लागत नाही.

तिसरा गुण : कुळाच्या नावावर न जगणे

बंधुभगिनींनो, हा मुद्दा आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेत मांडताना मला थोडे धाडस करावे लागत आहे. परंतु निवृत्त माणसाला ते परवडते. मालिकेत गंगाधराचे पूर्ण नाव मोठे गमतीचे आहे : पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. बाप, आजा, पणजा, पदवी, सर्व काही त्या एका नावात ओवलेले. तो हे नाव ऐटीत उच्चारतो, आणि ऐकणारा हसू लागतो. त्या लांबलचक नावाने त्याला कचेरीत मान मिळत नाही, की पगारवाढही मिळत नाही. त्याच्या दुसऱ्या रूपाला मात्र एकच शब्द पुरतो, शक्तिमान. ना बापाचे नाव, ना कुळाचे, ना गावाचे. संकटात सापडलेला माणूस त्याचे गोत्र विचारीत बसत नाही, आणि वाचविणारा शक्तिमानही संकटात सापडलेल्याची जात विचारीत नाही.

मालिका लिहिणारांच्या मनात हा अर्थ होता की केवळ विनोद होता, याचा निर्णय मी करू शकत नाही. पण मला तरी त्यात एक शिकवण दिसते. पूर्वजांची नावे पाठ असावीत. त्यांचे स्मरण ठेवावे. त्यासाठीच तर आपण ही स्मरणिका काढतो. परंतु वाडवडिलांचे मोठेपण हे ठेवीसारखे आहे. तिच्या व्याजावर एक पिढी बसून खाईल, दुसरी मुद्दल मोडील, आणि तिसरीच्या हाती केवळ रिकामे पासबुक राहील. ज्याने त्याने आपल्या हाताने ठेवीत भर घातली पाहिजे. आणि जी मदत ज्ञातीच्या कुंपणापाशी येऊन थबकते, तिला संघटना म्हणता येईल, पण परोपकार म्हणता येणार नाही.

चौथा गुण : चुकलेल्याला सावरणे

मालिकेच्या शेवटी मुलांसाठी एक छोटा भाग असे. 'छोटी छोटी मगर मोटी बातें' असे त्याचे नाव. एखादे मूल काही गैर करते, शक्तिमान तेथे येतो, त्यात चूक काय आहे ते समजावून सांगतो, आणि ते मूल 'सॉरी शक्तिमान' म्हणून क्षमा मागते. बस्स, इतकेच. विषयही साधेसुधे : स्वच्छता, चांगल्या सवयी, वडीलधाऱ्यांशी वागणे. आज त्याची पुष्कळ थट्टा होते. मला मात्र त्या छोट्या भागाचे मोल मोठ्या लढायांपेक्षाही अधिक वाटत आले आहे.

ज्याच्या अंगी पर्वत उचलण्याचे बळ आहे, तो एका पाच-सात वर्षांच्या पोराशी बोलताना आवाज चढवीत नाही. त्याच्या अंगावर हात टाकीत नाही. चारचौघांत त्याची शोभा करीत नाही. चूक कोणती ते दाखवितो, मूल ती कबूल करते, आणि तेथे तो विषय संपतो. मागची उणीदुणी निघत नाहीत. 'तू असाच आहेस' असा शिक्का बसत नाही. चूक कबूल केली तर अपमान होणार नाही, ही खात्री मुलाला असली म्हणजे ते खोटे बोलत नाही. शिक्षकी पेशात मी असंख्य मुले पाहिली. खोटे बोलणारे मूल हे बहुधा भ्यालेले मूल असते. जे घर चुकीची कबुली ऐकून घेऊ शकत नाही, त्या घरात चुका कमी होत नाहीत. त्या फक्त दडविल्या जातात.

येथेच गीता विश्वास या पात्राचा उल्लेख केला पाहिजे, विशेषतः समोर बसलेल्या मुलींसाठी. ही त्याच वर्तमानपत्रातील वार्ताहर. तिच्या अंगी शक्तिमानासारखे अद्भुत बळ नाही. तरीही सत्य शोधण्यासाठी जेथे जाऊ नये म्हणून सांगितले जाते, तेथे ती जाते. मला विचाराल तर धैर्याच्या परीक्षेत मी तिला अधिक गुण देईन. ज्याला गोळी लागली तरी काही होत नाही, त्याच्या पुढे होण्यात नवल ते काय? जिला गोळी लागू शकते व जी हे जाणूनही पुढे होते, तिचे धैर्य खरे.

एक गंभीर इशारा

येथवर गुणगान केले. आता दुसरी बाजू न सांगता मी खाली बसलो तर ती शिक्षकाला न शोभणारी गोष्ट होईल. मालिका लोकप्रियतेच्या शिखरावर असताना वर्तमानपत्रांतून काही दुःखद वृत्ते आली. शक्तिमान येऊन आपणांस वाचवील या समजुतीने मुलांनी स्वतःला संकटात लोटल्याची, उंचावरून उडी घेतल्याची किंवा आगीशी खेळ केल्याची ती वृत्ते होती. त्यांतील सत्य किती यावर तेव्हाही वाद झाला व निर्मात्यांनी आरोप नाकारले. पुढे श्री. खन्ना स्वतः पडद्यावर येऊन, ही दृश्ये बनविलेली असतात, त्यांचे अनुकरण करू नका, असे मुलांना सांगत. दोष कोणाचा, हा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. पण आमच्या शाळेच्या पटांगणातही मधल्या सुट्टीत हात वर करून गरगर फिरणारी व भोवळ येऊन पडणारी मुले मी स्वतः उचलली आहेत. त्यांची ढोपरे फुटली, तेवढ्यावर निभावले.

यातून मला जे उमगले ते असे. मुलांपुढे वीराची दोन अंगे असतात. एक त्याचे बळ. दुसरे त्याचे वागणे. बळ डोळ्यांना दिसते, म्हणून मूल त्याची नक्कल करते. वागणे सहसा नजरेत भरत नाही. ते कोणीतरी बोट धरून दाखवावे लागते. हे दाखविण्याचे काम दूरदर्शनचा संच करू शकत नाही. ते शेजारी बसलेल्या आईने, बापाने, आजीने करावयाचे असते. मालिका आपल्या घरी अर्धा-पाऊण तास येते. उरलेला दिवस आपल्याच हाती असतो. आज तर मुलांच्या हाती मोबाईल आला आहे व तो पाहताना शेजारी कोणीच नसते, म्हणून ही काळजी अधिक वाटते.

आणि दुसरी गोष्ट, जी मुलांपेक्षा मोठ्यांना अधिक लागू आहे. कोणीतरी येईल व आपणांस वाचवील, ही वृत्तीच मुळी घातक. शक्तिमान स्वतः असा कोणाची वाट पाहत बसला नाही. ज्या वीराने आपले बळ आपण कमावले, त्याचे भक्त जर हातावर हात ठेवून त्याची वाट पाहू लागले, तर त्यांनी त्याला ओळखलेच नाही. आपल्या समाजातही असे होते. वसतिगृहाची इमारत व्हावी, तर कोणी धनिक पुढे येईल. मुलांना नोकऱ्या मिळाव्यात, तर कोणी मोठा अधिकारी होऊन खुर्चीवर बसेल. तोवर आपण सतरंजीवर बसून टाळ्या वाजवू! बंधूंनो, कोणी उडत येणार नाही. जे व्हावयाचे ते चार गंगाधर एकत्र येऊनच होईल.

आपल्यातले गंगाधर

आता मुख्य गोष्टीकडे वळतो व आटोपतो. आज आपण ज्या विद्यार्थ्यांना पारितोषिके देणार आहोत, त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांनी कष्ट केले. त्याचे चीज झाले. परंतु माझी नजर यादीत नाव नसलेल्या मुलांकडेही जात आहे. आज या सभागृहात काही मुले आलेली नाहीत. आणि ती का आली नाहीत, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. निकाल लागला की ज्यांच्या घरी पेढे आले नाहीत, ती मुले नातेवाइकांच्या प्रश्नांना भिऊन मंगलकार्यासही जाईनाशी होतात. अमक्याचा किती टक्क्यांनी उत्तीर्ण झाला, तमक्याची कोठे लागली, आणि तुमचा? या 'तुमचा'चा घाव किती खोल जातो, याची विचारणाऱ्यास कल्पना नसते.

या मालिकेचा सर्वांत मोठा बोध माझ्या मते हाच. कचेरीतील मंडळी शक्तिमानाला पाहून टाळ्या वाजवितात व गंगाधराला पाहून हसतात, आणि दोघे एकच आहेत हे त्यांना कळत नाही. आपणही याहून निराळे वागत नाही. अडखळत बोलणारा, अंगाने किडकिडीत, गणितात मागे पडलेला, कपड्यांची ऐट नसलेला मुलगा आपल्यासमोर असतो. त्याच्यात पुढे काय प्रकट होणार आहे हे आपणांस दिसत नाही. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा एक मुलगा होता. त्याला इतर मुले 'गंगाधर' म्हणूनच चिडवीत. पाढे त्याला कधी नीट आले नाहीत. परंतु वर्गातील एका मुलाच्या पायाला दुखापत झाली, तेव्हा तो दीड महिना त्याचे दप्तर रोज घरी पोचवीत होता. हे मला तिसऱ्या आठवड्यात कळले, आणि तेही दुसऱ्याच्याच तोंडून. प्रगतिपुस्तकात या गुणासाठी रकाना नव्हता. आजही नाही.

म्हणून मंडळापुढे नम्रपणे दोन सूचना ठेवतो. पहिली अशी की, पुढील वर्षापासून या समारंभात, नापास होऊनही पुन्हा अभ्यास करून पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या मुलांचाही सत्कार व्हावा. पडून उठलेल्याचे कष्ट न पडलेल्याच्या कष्टांपेक्षा कमी नसतात. त्या मुलांना आज व्यासपीठाची जितकी गरज आहे, तितकी पहिल्या आलेल्यास नाही. दुसरी अशी की, स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापताना ती रकमेच्या क्रमाने न छापता अकारविल्हे छापावीत व रकमेचा आकडा वगळावा. हिशेब तपासनिसापाशी राहीलच. ज्या विधवा भगिनीने आपल्या शिवणकामातून काही रुपये पाठविले, तिचे नाव शेवटच्या पानावर जाऊ नये. या सूचनेमुळे देणग्या घटतील, असे खजिनदार म्हणतील. आणि त्यांची काळजी मी समजू शकतो. पण ज्या देणगीचा जीव नावाच्या जागेत अडकलेला आहे, ती फार काळ टिकत नाही, हेही त्यांनी अनुभवलेच असेल.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटी तुमच्याशी दोन शब्द बोलतो. शक्तिमानासारखे उडावयाचा यत्न करू नका. पण त्याच्यासारखे पहाटे उठून मन एकाग्र करण्याचा यत्न जरूर करा. तुम्हांला जे बळ मिळेल, विद्येचे, पैशाचे अथवा अधिकाराचे, ते झाकून वापरा. चूक झाली तर ती कबूल करण्याची लाज बाळगू नका. चूक दडविण्याची बाळगा. तुमच्या वर्गात कोणी गंगाधर असेल तर त्याला हसू नका. आणि तुम्हीच तुमच्या वर्गातले गंगाधर असाल, तर हसणाऱ्यांकडे पाहून खिन्न होऊ नका. आपले काम नेटाने करीत राहा.

पालकांना एवढीच विनंती की, आज घरी गेल्यावर मुलाला 'किती गुण' हे विचारण्याआधी 'आज कोणाच्या उपयोगी पडलास' हे एकदा विचारून पाहावे. पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. रोज विचारीत गेलात, तर एखादे दिवशी मिळेल.